पंपाचं तोंड कोणीकडे होतं

प्राणिशास्त्र विभागाच्या संग्रहालयात, सापांच्या बरण्या आणि सशाचा सांगाडा यांच्या मधे, साडेचार फूट लांबीचा समुद्र होता आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळा परिचर म्हणून काढली. आमच्या घरातली पहिली नोकरी माझी. प्रॅक्टिकलसाठी झुरळं पकडायला आम्ही होस्टेलच्या मेसमध्ये कसे शिरायचो, परीक्षेच्या दिवशी सांगाड्याचा पाय कसा हरवला, असं सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. ज्या दिवाळी अंकासाठी हे लिहिते आहे, त्या अंकवाल्यांनी तेच मागितलं होतं. पण लिहायला बसले की मन त्या टाकीपाशीच जातं, म्हणून तिचंच लिहिते.

आमच्या विभागप्रमुख काळे मॅडम एकदा मुलांची सहल घेऊन कोकणात गेल्या आणि परत आल्या त्या हट्ट घेऊनच. आपल्या मुलांना समुद्रातले जीव फक्त बरणीत दिसतात, मेलेले, पांढरे पडलेले. एक तरी जिवंत दिसला पाहिजे. दोन वर्षं अर्ज करून त्यांनी टाकी मंजूर करून घेतली. जोकर माशांची नारिंगी जोडी आली, चार छोटे निळे मासे आले, दोन खेकडे आले. मॅडम मला म्हणाल्या, "सुमनबाई, हे तुमच्या हवाली."

मी समुद्र पाहिलेला नव्हता. पण काम शिकले. खास मीठ बादलीतून नागपूरहून यायचं. ते गाळलेल्या गोड्या पाण्यात विरघळवायचं, एक दिवस फिरत ठेवायचं, काचेची तरंगती नळी सोडून खारेपणा पाहायचा आणि मगच ते टाकीत जायचं. रोज पाणी उडून जातं, पण मीठ उडत नाही, ते मागे राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना गोडं भरायचं, खारं नाही. ही एवढी गोष्ट मोठमोठ्या शिकलेल्यांना समजत नसे. एकदा मी रजेवर असताना आमच्या ऑफिसमधल्या क्लार्कने टाकीची काळजी वाटून मेसमधलं मूठभर मीठ आत टाकलं होतं. चांगल्या मनाने टाकलं होतं, त्यामुळे त्याला बोलताही येईना.

विज्ञानदिनाला गावोगावचे लोक टाकी पाहायला यायचे. गिरडकडचे एक म्हातारे बाबा आले होते. त्यांनी माझ्यादेखत झाकण उचललं, बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाले, "खारंच आहे बाप्पा." मग थोडा विचार करून मला विचारलं, "मंग हे मासे रांधताना मीठ टाका लागत नसंन?"

मुलं मला समुद्रवाल्या बाई म्हणत. कॉलेजात परिचराला नावाने हाक मारली तरी पुष्कळ. मला तर पदवीच मिळाली होती. सहा वर्षं ती माझ्या अंगावर होती. तिची ऊब काय होती ते मला कोणी दुसरं ती पांघरून उभं राहिलं तेव्हा कळलं.

मंगला मडावी कोकणातल्या एका कॉलेजातून बदली होऊन आमच्या विभागात आली. मूळची हिंगणीची. नवरा तिकडे नोकरीत होता, तो वारला, तेव्हा आईजवळ यायचं म्हणून ती बदली मागून आली होती. आठ वर्षं तिने समुद्राच्या काठी काढली होती. घर धक्क्याच्या मागेच होतं. माझ्यापेक्षा वयाने लहान, उंच, कमी बोलणारी. फोनवर आईशी गोंडीत बोलायची. तेही मला टोचायचं. हिच्याकडे समुद्र आहे तो आहे, वरून एक भाषाही जास्तीची आहे.

पहिल्या दिवशी मी तिला संग्रहालय दाखवलं. ती टाकीसमोर बराच वेळ उभी राहिली. मी वाट पाहत होते, की आता म्हणेल, छान ठेवली आहे. ती म्हणाली, "सुमनताई, हे पाणी उभं आहे."

"उभं कसं?" मी म्हटलं. "पंप चालू आहे की."

"खाली चालू आहे. वर उभं आहे."

मी तिला पुढच्या कपाटातले विंचू दाखवायला घेऊन गेले.

पंप मी अगदी तळाशी, वाळूच्या जरा वर बसवला होता. घाण तळाशी साचते, तर ढवळायचं तळालाच, असा माझा हिशेब. शिवाय आवाज येत नसे, पाण्याचे थेंब उडत नसत, वरचं पाणी आरशासारखं दिसायचं. मला ते फार आवडायचं. येणारेही म्हणत, काय स्वच्छ आहे.

एप्रिल लागला. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. दुपारी संग्रहालयाची भिंत हाताला पोळायची. आणि मासे वर येऊ लागले. तोंड पाण्याच्या कडेला लावून धापा टाकायचे. जोकर माशांमधली मोठी असते ती मादी. ती तर कोपऱ्यात तिरकी होऊन लटकायची. मी हवेचे बुडबुडे सोडणारा एक दगड होता त्याचे तीन केले. बाटल्यांमध्ये बर्फ करून टाकीत तरंगवला. पाणी बदललं. तीन दिवस मी घरी जेवले की नाही मला आठवत नाही. मॅडम नागपूरला फोन लावत होत्या, तिकडचा माणूस उद्या येतो, उद्या येतो म्हणत होता.

चौथ्या दिवशी मंगलाने वर्तमानपत्राचा कागद घेतला, हलकेच पाण्यावर पसरला आणि उचलला. कागद तेलकट झाला होता.

"पाहा मॅडम," ती म्हणाली. "दुधावर साय येते तशी आली आहे. माशांचं खाणं, त्यांची घाण, सगळ्याचा तवंग. पाणी उभं असलं का तो जमते. आन् हवा तर वरूनच आत जाते ना. दारच बंद आहे."

"मग इतके बुडबुडे सोडतोय ते?" मॅडमनी विचारलं.

"बुडबुड्याची हवा पाण्यात कमीच मुरते. तो वर येऊन फुटते, वरचं पाणी थोडं हालवते, त्याचाच काय तो फायदा. आपण पाणीच हालवू ना."

तिने बाह्या वर केल्या, हात घातला, पंप काचेवरून सोडवला आणि वर आणला. पाण्याच्या पातळीखाली चार बोटं. तोंड थोडं वरच्या बाजूला तिरकं केलं. पाण्याला सुरकुत्या पडल्या. आरसा मोडला. ट्यूबलाइटचा उजेड वाळूवर हलायला लागला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती टाकी मला टाकीसारखी दिसली नाही. कपाटात एक जुना पंप पडून होता, तो तिने समोरच्या बाजूला लावला. "दोन्ही धारा मधात भिडल्या पाह्यजे," ती म्हणाली. "समुद्र काही नळासारखा एकाच अंगानं वाहत नाई. येते, जाते, आपटते. मंग कोपऱ्यात घाण बसत नाई."

अर्ध्या तासात मासे खाली गेले. मोठी मादी वाळूजवळ जाऊन आपल्या नेहमीच्या दगडापाशी फिरायला लागली.

मला आनंद झाला. हे खरं आहे, तेही लिहिलं पाहिजे. तो आनंद मॅडमचं वाक्य येईपर्यंत टिकला. "मडावीबाई, तुम्ही नसता तर आज सगळं संपलं होतं." सगळा विभाग उभा होता. माझे हात कोपरापर्यंत ओले होते. त्या हातांकडे कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मंगलासाठी संग्रहालयाची दुसरी किल्ली करवून घेतली.

त्यानंतरच्या महिन्यात माझं जे झालं ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. बाईच्या मनात दुसऱ्या बाईबद्दल जळणं म्हटलं की लोकांना साड्या-दागिने आठवतात. मी एका पाण्याच्या पंपावरून जळत होते. टाकीच्या वहीत रोज खारेपणा आणि तापमान लिहायचं असे. तिचं अक्षर मोकळं, माझं दाटीवाटीचं. मी माझं पान मुद्दाम सावकाश लिहू लागले. तिने बुडबुड्यांचे दगड काढून, धुऊन, डब्यात भरून माझ्या टेबलावर ठेवले. "आता याची गरज नाई, ताई," एवढंच म्हणाली. सरळ मनाने म्हणाली. मला वाटलं, ती माझी सहा वर्षं डब्यात भरून देत आहे. मुलं तिच्याभोवती जमून भरती-ओहोटी विचारायची. "समुद्र रोज दूर कसा जातो, बाई?" आणि ती हाताने दाखवायची. मी पलीकडे बरण्या पुसत तिचा हात पाहत राहायचे, कारण मलाही ते जाणून घ्यायचं होतं आणि विचारायचं नव्हतं.

पाणी हलायला लागल्यावर बारीक तुषार उडायचे. ते सुकले की झाकणावर, वायरवर, शेजारच्या बरण्यांच्या चिठ्ठ्यांवर मिठाचा पांढरा थर बसायचा. मी मॅडमकडे तक्रार घेऊन गेले. "चिठ्ठ्या खराब होऊन राह्यल्या, मॅडम."

"पुसून घ्या ना, सुमनबाई," मॅडम कागदातून मान वर न करता म्हणाल्या. "मासे जगले हे महत्त्वाचं."

मी रोज पुसत होते.

मे महिन्याची सुट्टी लागली. टाकीसाठी आम्ही पाळी लावून घेतली. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी. मंगळवार, गुरुवार, शनिवार मंगला. रविवारी चौकीदार खिडकीतून दिवा चालू आहे का एवढं पाहायचा.

त्या शुक्रवारी मी माशांना खाऊ घातलं, पाणी भरलं, चिठ्ठ्या पुसल्या. एका चिठ्ठीवरची शाई मिठाने पसरली होती. ती माझ्या हातची चिठ्ठी होती. मी हात टाकीत घातला, तिचा पंप सोडवला आणि खाली नेला, जिथे तो सहा वर्षं होता तिथे. तोंड वाळूकडे वळवलं. मग समोरचा दुसरा पंप बंद केला. पाणी सावकाश स्थिर झालं. पुन्हा आरसा.

तुषार उडू नयेत म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होते. पण मला माहीत होतं. पाणी उभं राहिलं की काय होतं ते तिने माझ्यासमोर समजावलं होतं आणि मी ते शब्दन् शब्द ऐकलं होतं. मासे मरावेत असं मला वाटत नव्हतं. मला वाटत होतं, उद्या शनिवारी ती येईल, मासे वर आलेले पाहील, आणि बर्फाच्या बाटल्या घेऊन धावेल. एकदा. जशी मी धावले होते. मग ती पंप पाहील, वर करेल, मासे खाली जातील, आणि मी सोमवारी विचारीन, काय झालं होतं गं?

शनिवारी ती आली नाही.

सोमवारी मी कुलूप उघडलं तेव्हा वास दारातच आला. खिडक्या बंद, कूलर बंद, दोन दिवस ऊन भिंतीतून आत येत होतं. जोकर माशांची जोडी वर तरंगत होती. तीन निळे तळाशी पडले होते, दोन्ही खेकडेही. एक निळा पाण्याच्या कडेला तोंड लावून होता, त्याचे कल्ले हलत होते. पाण्यावर तवंग होता, त्यात ट्यूबलाइट दिसत होती.

मी त्या एकाला बादलीत, ताज्या खाऱ्या पाण्यात काढलं. मग मी दुसरं काम केलं. कोणी येण्याआधी मी पंप वर नेला. चार बोटं पाण्याखाली, तोंड तिरकं, अगदी तिने लावला होता तसा. समोरचाही चालू केला. शुक्रवारचं काम जळणाऱ्या माणसाने केलं होतं. सोमवारचं शांत डोक्याने केलं.

मॅडम आल्या. मंगलाला निरोप गेला, ती दुपारी हिंगणीहून आली. तिच्या आईला शुक्रवारपासून ताप होता.

"शनिवारी तुमची पाळी होती ना?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. मी आली नाई." तिने एकही सबब सांगितली नाही. "सगळं नीट लावून होतं, तर एक दिवसानं काही होत नाई, असं वाटलं मले."

मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी आल्या तवा पंप चालू होता?"

"चालू होता," मी म्हटलं.

हे खरं होतं. समोरचा मी बंद केला होता, पण तिचा पंप एक क्षणही बंद पडला नव्हता. इतकं खरं बोलून इतकं खोटं मी आयुष्यात कधी बोलले नाही.

ती टाकीजवळ गेली. दोन्ही पंपांकडे पाहिलं, पाण्याच्या सुरकुत्यांकडे पाहिलं. कितीतरी वेळ तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती, कुठे चुकलं ते.

तिला गैरहजेरीचा मेमो मिळाला. एक निळा मासा दिवाळीपर्यंत जगला, मग तोही गेला, आणि मॅडमनी पुन्हा मासे मागवले नाहीत. टाकी कोरडी करून तिच्यात कासवाची कवटी आणि शंख ठेवले. मंगलाने रसायनशास्त्राच्या भांडारात बदली मागून घेतली. नंतरची कितीतरी वर्षं आम्ही एकाच आवारात होतो. कधी एकत्र डबा खाल्ला, तिने मला आंबाडीची भाजी दिली, मी तिला धापोडे, म्हणजे ज्वारीचे पापड, दिले. संग्रहालयात ती पुन्हा आली नाही. आणि मी खुश नव्हते असं म्हणणं बरं दिसेल, पण पहिले काही महिने मी खुशच होते. किल्ली पुन्हा एकच होती. ती उघडायची मात्र शंखांचं कपाट.

निवृत्त झाल्यावर मोकळा वेळ फार असतो आणि तो जुन्या गोष्टींकडेच वाहतो. गेल्या थंडीत मी सेलूला उतरून हिंगणीची बस धरली. मंगला अंगणात खाटेवर तुरीच्या शेंगा सोलत होती. आई कधीच गेली होती. तिने चहा केला, गुळाचा. आजूबाजूच्या प्रत्येक अंगणात कोंबड्या फिरत होत्या. तिच्या अंगणात काहीच नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काऊन, कोंबड्या नाई ठेवल्या?"

"नाई. मी काही पाळत नाई, ताई," ती म्हणाली. "माझ्या हाताले यश नाई. ते मासे गेले तवापासून मांजरसुद्धा नाई ठेवली."

हे ऐकल्यावर चहा खाली ठेवून मी सगळं सांगितलं. शुक्रवारचं आणि सोमवारचंही. सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही, शेंगांच्या टोपलीकडे पाहिलं.

तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग तिने विचारलं, "कितीक खाली नेला होता?"

मी पाण्याचा लोटा पुढे ओढून हाताने दाखवलं. "एकदम तळाला. पहिले होता तिथं."

"आन् तोंड कोणीकडे?"

"वाळूकडे."

"समोरचा?"

"बंद केला होता."

"बुडबुड्याचे दगड तर मीच काढले होते," ती हळू म्हणाली. ती मान हलवत होती, पण माझ्यासाठी नाही. त्या दिवशी टाकीसमोर उभी राहून ती जे मोजत होती ते आता पूर्ण करत होती. "म्हणजे मी लावलेलं बरोबर होतं."

"बरोबर होतं," मी म्हटलं.

"मी समजत होती का माझंच गणित चुकलं. उन्हाळ्यात किती पाणी हालवा लागते ते मले समजलंच नाई, असं. किती वर्षं झाले, ताई?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही. "मॅडमले सांगितलं?"

"नाई."

"मंग मले सांगून काय होते? मॅडमले सांगा." ती उठली, माझा कप उचलला. अर्धा चहा तसाच होता. "साडेचारची बस आहे तुमाले. पुढची अंधारात येते. निघा तुमी."

फाटकापर्यंत ती आली. पुन्हा येजो म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही, कारण तिथे मागणं म्हणजे तिच्याकडून आणखी एक वस्तू नेणं झालं असतं.

काळे मॅडम आता पुण्याला मुलाकडे असतात. ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला कमी येतं. मी तीन दिवस फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. चौथ्या दिवशी लावला. मोठ्याने बोलावं लागलं, त्यामुळे असली गोष्ट मला शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात सांगावी लागली. पंप मी खाली नेला, मॅडम. मडावीबाईंनी नाही. मासे माझ्यामुळे मेले.

 मला वाटलं, आता त्या रागावतील. खरं सांगते, मी त्याची वाट पाहत होते. इतक्या वर्षांनी त्या पुन्हा एकदा "सुमनबाई" म्हणतील आणि जे म्हणायचं ते म्हणतील.

"अगं, मला तेव्हाही कोडंच पडलं होतं," मॅडम म्हणाल्या. आवाज एकदम तरुण झाला होता. "मेमो दिला तो गैरहजेरीचा. पण मडावीबाईंनी लावलेलं चुकणार कसं? फार हुशार बाई. पाण्याकडे बघून तिला कळायचं. कुठे आहे ती आता? नंबर आहे तिचा?"

मी नंबर सांगितला. एकेक आकडा, दोनदा, मोठ्याने. मॅडमनी तो लिहून घेतला, थँक यू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून बसले होते. एवढं सगळं कबूल केलं, आणि त्या माझ्यावर रागावल्यासुद्धा नाहीत. आणि तेव्हा, या वयात, सगळं सांगून झाल्यावरही, मी मंगलावर तशीच जळत होते, जशी एप्रिलमध्ये ओल्या हातांनी टाकीजवळ उभी राहून जळले होते.